बघते आणि कळवते

फोनवर कुणी काहीही विचारलं तरी बर्वेबाई आधी रजिस्टरची पानं उलटायच्या. सावकाश, पलीकडच्याला ऐकू जातील अशी. मग म्हणायच्या, "बघते आणि कळवते." विचारलेली मुलगी त्यांच्याकडे नोंदलेली असो वा नसो, पानं तेवढीच, वेळ तेवढाच, वाक्य तेच. उत्तर बहुतेक वेळा त्यांना तोंडपाठ असायचं.

दिल्लीतल्या मराठी कुटुंबांसाठी त्या राहत्या घरातून वधू-वर सूचक केंद्र चालवत. गुडगाव अजून गुरुग्राम झालं नव्हतं आणि आमच्या काचेच्या इमारतीसमोर मोहरीची शेतं होती, तेव्हाची गोष्ट. आमचे मालक अरोरासाहेब यांनी महाराष्ट्राबाहेरच्या मराठी लोकांसाठी विवाहाची वेबसाइट काढायचं ठरवलं. त्यांनी बाईंची बावीस वर्षांची रजिस्टरं घेतली आणि ती वाचायला बाईंनाही नोकरीवर घेतलं. रजिस्टरं कंपनीच्या लोखंडी कपाटात गेली, बाई माझ्या शेजारच्या टेबलावर आल्या. मी पुण्याहून आलेली, टीममधली एकटी मराठी. लॉगिनचं सगळं काम माझ्याकडे होतं.

पहिल्याच आठवड्यात त्या माझ्या खुर्चीत बसल्या आणि एका बोटानं कसलंसं नाव टाइप केलं. स्क्रीनवर आलं, 'या नावाचे खाते नाही.' मग खरं नाव टाकलं आणि पासवर्ड मुद्दाम चुकवला. आलं, 'पासवर्ड चुकला आहे.'

"हे कुणी लिहिलं?"

"मी."

"अगं मीना, म्हणजे कुणीही दारात उभं राहून विचारावं, अमक्यांची मुलगी इथे आहे का? आणि तुझं यंत्र सांगणार, आहे हो, फक्त तुमची किल्ली चुकली!"

"लोकांच्या सोयीसाठी आहे ते, बाई."

"कुठल्या लोकांच्या?"

मला हसू आलं. पुढच्या आवृत्तीत बदलू, असं वहीत लिहून मी विषय संपवला. लग्न जमवणाऱ्या बाईनं मला लॉगिन शिकवावं, हे मला पटणारं नव्हतं.

त्यांचेही हट्ट होते. बायोडाटात मामाचं आडनाव आणि गाव हवंच. "आजोळ नसेल तर तो बायोडाटा कसला? चिटोरं नुसतं! लोक आधी तेच बघतात." मी रकाना टाकला, सर्वांना दिसेल असा. पासवर्ड विसरलेल्यांना विचारायचा प्रश्न मी परदेशी बँकांच्या पद्धतीवरून उचलला होता. त्याचा मराठी मजकूर बाईंनीच सुवाच्य अक्षरात लिहून दिला आणि मी तो टाइप केला.

साइट सुरू होऊन तीन महिने झाले होते. एका सोमवारी सकाळी दिल्लीतल्या द्वारकेहून जोगळेकर आले. सोबत त्यांची मुलगी मुग्धा. तिचं नोएडातल्या एका मुलाशी ठरत आलं होतं, त्या संध्याकाळी सुपारी फोडायची होती. रविवारी मुलाच्या आईला मुग्धाच्या खात्यावरून निरोप गेला: 'माझं दुसरीकडे जमलं आहे. पुन्हा संपर्क करू नका.'

"मी नाही पाठवला," मुग्धा म्हणाली. आवाजावरून कळत होतं की हे ती कालपासून सांगत होती.

जोगळेकर तिच्याकडे न बघता मला म्हणाले, "मॅडम, एकच सांगा. पासवर्डाशिवाय हिच्या खात्यात दुसरं कुणी जाऊ शकतं का?"

"नाही," मी म्हणाले. "शक्यच नाही."

हे वाक्य मी फार झटकन बोलले. मुग्धानं माझ्याकडे पाहिलं. जोगळेकर उठले. "ऐकलंस? आता तरी खरं बोल. कोण आहे तो?"

"जोगळेकर, बसा," बर्वेबाई म्हणाल्या. "बघते आणि कळवते."

"अहो, आता काय बघायचं राहिलंय?"

"बसा म्हटलं ना. मुग्धा, तू शेवटची आत कधी गेली होतीस?"

"शुक्रवारी. शनिवारपासून पासवर्ड चुकीचा दाखवतंय. मला वाटलं, साइटच बिघडली असेल."

मी नोंदी उघडल्या. माझ्या पाठीमागे चौघं उभी होती, अरोरासाहेबही येऊन थांबले होते. शनिवारी दुपारी 'पासवर्ड विसरलात?' यावरून पासवर्ड बदललेला होता. प्रश्नाचं उत्तर पहिल्याच फटक्यात बरोबर दिलेलं होतं. जोगळेकर म्हणाले, "म्हणजे हिनंच." मलाही क्षणभर तसंच वाटलं.

"प्रश्न काय होता?" बाईंनी विचारलं.

मी वाचला. "आईचे माहेरचे आडनाव."

बाईंनी पुढे वाकून मुग्धाचा बायोडाटा उघडला आणि स्क्रीनवर बोट ठेवलं. 'मामा: पटवर्धन, मिरज.'

साइटवरच्या प्रत्येक मुलीच्या खात्याची किल्ली आम्ही तिच्या फोटोखाली छापली होती. आईचं माहेर म्हणजेच मामाचं आडनाव, हे आम्हा दोघींच्या डोक्यात एकदाही जुळलं नव्हतं. इंग्रजीत विचारलेला प्रश्न मला वेगळा वाटला होता आणि मराठीत लिहिलेला बाईंना बायोडाटातलाच वाटला होता.

"दारावर हा प्रश्न तू विचारलास," बाई हळू म्हणाल्या. "उत्तराची पाटी मी लावायला लावली."

मग अरोरासाहेबांकडे वळल्या. "साहब, लॉगिन बंद कीजिए. अभी."

"मैडम, आज ही अख़बार में इश्तिहार आया है! शाम को कर लेंगे ना यार."

"बाईस साल में मेरे रजिस्टर से एक लड़की की बात बाहर नहीं गई, साहब. शाम तक कितनी जाएँगी, आप गिनेंगे?"

साहेब माझ्याकडे बघत होते. मी परवानगीची वाट पाहिली नाही, लॉगिन बंद केलं. पाठीमागे त्यांचा सुस्कारा ऐकू आला, इतकंच.

राहिला मुलाच्या आईला फोन. साहेब म्हणाले, टेक्निकल प्रॉब्लम सांगा. बाईंनी नंबर फिरवला. त्या दिवशी त्यांनी पानं उलटली नाहीत.

"मी बर्वे बोलतेय. तो निरोप मुग्धानं पाठवलेला नाही. चूक आमची आहे, माझी आणि आमच्या इंजिनिअर बाईंची. कुणीतरी तिच्या खात्यात शिरलं, कारण दार आम्ही उघडं ठेवलं होतं." थोडं थांबून त्यांनी फोन माझ्यासमोर धरला. "सांग त्यांना, कसं ते."

मी सांगितलं. मुलाच्या आई म्हणाल्या, "बरं. आम्ही कळवतो."

त्यांनी कळवलं नाही. ते लग्न झालं नाही. शिरणारा कोण होता, तेही कळलं नाही, माग एका सायबर कॅफेपर्यंत गेला आणि तिथेच संपला. पण त्या सोमवारी निघताना जोगळेकरांनी मुग्धाच्या खांद्यावरची पर्स स्वतःच्या हातात घेतली. "चल बाळ," म्हणाले. मोठ्या मुलीची पर्स घेऊन चालणारा तो गृहस्थ जरा विचित्र दिसत होता. मुग्धा मात्र त्याच्या बाजूनं चालायला लागली. येताना ती चार पावलं मागे होती.

लॉगिन तीन दिवस बंद राहिलं. प्रश्न काढून टाकला. पासवर्ड विसरलेल्याला त्याच्या नोंदलेल्या ईमेलवर दुवा जायचा, तो एकदाच चालायचा आणि तासाभरानं रद्द व्हायचा. स्क्रीनवरचं वाक्य बाईंनी लिहून दिलं: 'हा पत्ता आमच्याकडे नोंदलेला असेल, तर त्यावर पत्र पाठवले आहे.' असला काय, नसला काय, वाक्य तेच.

"वेळही तेवढाच लागू दे," त्या म्हणाल्या. "खोट्या नावाला पटकन उत्तर आलं की शहाणा माणूस ओळखतो." ही गोष्ट पुढे मला पुस्तकांत सापडली, तिला तिथे भारदस्त नाव होतं.

साइट दोन वर्षांनी बंद पडली. बाई घरी बसल्या, मी दुसऱ्या कंपनीत गेले. बऱ्याच वर्षांनी सहज फोन केला. इकडचं तिकडचं झाल्यावर विचारलं, "बाई, त्या मुग्धाचं पुढे काय झालं हो? लग्न झालं का?"

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला. सावकाश, नेहमीइतकाच वेळ.

"बघते आणि कळवते," बर्वेबाई म्हणाल्या.

पुढच्या वर्षी त्या गेल्या. कळवलं नाहीच. रजिस्टरं तर केव्हाच कंपनीच्या कपाटात गेली होती. त्या दिवशी फोनवर त्या बहुधा वर्तमानपत्राची पानं उलटत होत्या.