सरांचं म्हणणं खोडा
कापसाच्या जिनिंगमधून सरकीचा वास आला की नव्वदच्या दशकातली पुलगावची ती संध्याकाळची शिकवणी आठवते. नोकरी सोडून हैदराबादला इंग्रजीत एम.ए. करायला निघालेले आम्ही चार-पाच जण. इंग्रजी पक्कं होतं, पण सर म्हणतील त्याला मान डोलवायची सवय. एकदा सर वैतागलेच, "तिथं नंदीबैल नाई चालत. माह्यं म्हणणं खोडा! मी म्हणतो, शिकलेल्यानं गावात राहू नये." कसा कोण जाणे, मीच उठलो, "सर, आय डिसअ‍ॅग्री!" तोंड उघडलं आणि इंग्रजी थांबेचना. मग बाकीचेही सरांवर तुटून पडले. सर हरखून बाकावर बसले आणि खडू माझ्यापुढे धरत म्हणाले, "आता तू शिकव." परवा इथंच, पुलगावात, माझ्या वर्गात एक मुलगी ताडकन उठली, "सर, मले नाई पटलं." मी बाकावर बसलो आणि खडू तिच्यापुढे धरला.