पूजेतले पत्ते

बरीच वर्षं मी पत्ते खेळून जगलो. हे वाक्य आमच्या अर्जुनी मोरगावात उच्चारलं की ऐकणारा आधी आजूबाजूला बघतो. आमच्याकडे पत्ते म्हणजे तास, आणि तास म्हणजे तलावाच्या पाळीवर चादर टाकून जुगाराला बसलेली मंडळी आणि त्यांच्या मागावर आलेली पोलिसांची गाडी. माझे पत्ते तसले नव्हते. हे मी इतक्यांदा समजावून सांगितलंय की आता त्याचाही कंटाळा येतो, पण सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. हे चित्रांचे पत्ते. कुणावर राक्षस, कुणावर योद्धा, कुणावर एखादा मंत्र, आणि खाली त्याची ताकद लिहिलेली. हजारो पत्त्यांतून आपले साठ निवडायचे आणि समोर बसलेल्या माणसाच्या साठांशी लढायचं. पैसे लावायचे नसतात, जिंकलं तर आयोजक बक्षीस देतात. मोठ्या शहरांतल्या हॉलमध्ये स्पर्धा होतात, पंच असतात, नियम असतात. नियम तर इतके असतात की आमच्या गावातले सगळे तासवाले ते ऐकूनच खेळ सोडून देतील.

कॉलेजच्या होस्टेलवर लागलेला हा नाद पुढे माझा धंदा झाला. ऐकायला मजेशीर वाटतं. प्रत्यक्षात तो धंदा म्हणजे गोंदियाला गाडी बदलणं, संडासाशेजारच्या जागेत बॅगेवर बसून रात्र काढणं, सकाळी कुठल्या तरी एसी हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून एकामागून एक डाव खेळणं आणि संध्याकाळी हरून परत स्टेशन गाठणं. जिंकलो तरी स्टेशन तेच. घरी असलो की दिवसभर सराव. नवे पत्ते बाजारात आले की जुना सगळा अभ्यास पाण्यात, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तिशी ओलांडली तेव्हा माझ्यासमोर बसणारी पोरं माझ्याहून पुष्कळ लहान होती आणि त्यांची पाठ दुखत नव्हती.

बाबा मिस्त्री. अर्ध्या गावाच्या भिंती त्यांनी उभ्या केल्या. माझ्या धंद्याबद्दल त्यांचं एकच म्हणणं होतं, "तास खेलून कोनाचं घर चाललं बे?" त्यांच्याशी निदान वाद घालता यायचा. आई ब्लाउज शिवायची, आणि शिवायला येणाऱ्या बायका विचारायच्या, पोरगा काय करतो. आई मान वर न करता सांगायची, "कंपनीत हाये." कुठल्या कंपनीत, हे तिने कधी ठरवलं नव्हतं. मी आतल्या खोलीतून ऐकायचो आणि मला राग यायचा. बाबांच्या शिव्यांपेक्षा ही कंपनी मला जास्त लागायची. जिंकलेल्या ट्रॉफ्या मी घरी आणल्या तेव्हा तिने त्या पुसून कपाटात ठेवल्या, कपाटाच्या वर नाही.

ज्या वर्षाची ही गोष्ट आहे त्या वर्षी दसऱ्यानंतर लगेच हैदराबादला मोसमातली शेवटची स्पर्धा होती. पहिल्या आठांत आलेले खेळाडू परदेशातल्या मोठ्या स्पर्धेला जाणार होते. त्या आठांत यायचं म्हणून मी इतकी वर्षं रेल्वे झिजवली होती. या वेळी जमलं नाही तर बंद, असं मी मनाशी ठरवूनच सणाला घरी आलो. खरं सांगायचं तर बंद करायला मिळेल याचंही थोडं बरं वाटत होतं, इतका मी दमलो होतो.

आई मशीनवर बसलेली असायची आणि मी खाली सतरंजीवर पत्ते मांडून एकटाच दोन्ही बाजूंनी खेळत असायचो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तिने मशीन थांबवलं.

"सकाळपासून हेच करून राहिला?"

"हो."

"मान नाई धरत?"

"धरते ना. मनगटपण धरतं."

ती स्वतःची मान चोळत माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मंग काम हाये ते. मले वाटे, बसून खेलतो."

मी सतरंजीवरचे पत्ते सरकवून तिला जागा केली. ती खाली उतरून माझ्याशेजारी बसली आणि जसं बाजारात कापड बघते तसा एकेक पत्ता बघू लागली. "यातले कामाचे कोनते?" तिने विचारलं. मी तिला चार पत्ते काढून दाखवले. चारही सारखेच, सुळेवाला एक लाल राक्षस. सगळा गठ्ठा त्यांच्यासाठी बांधलेला होता. ते हातात आले की डाव आपला. "थोबाड तं पाय याचं," आई म्हणाली, पण तिने तो पत्ता नीट दोन्ही हातांनी धरला होता.

प्रत्येक पत्त्यावर प्लास्टिकचं कव्हर चढवावं लागतं, पुढून पारदर्शक आणि मागून एकरंगी, म्हणजे पाठीवरून पत्ता ओळखू येत नाही. त्या दिवशी मी साठही पत्त्यांना नवी कव्हरं घातली. मागचा रंग गडद लाल. गठ्ठा डबीत ठेवला आणि स्पर्धेपर्यंत उघडायचा नाही असं ठरवलं, कारण नव्या कव्हरांना हात जितके कमी लागतील तितकं बरं.

दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. बाबांची थापी आणि ओळंबा, आईचा विळा, कात्री आणि मशीन, सगळं धुऊन पुसून पाटाजवळ मांडलं जातं. मी तिकिटाचं बघायला स्टेशनवर गेलो तेवढ्यात पूजा उरकली होती. दुपारी निघताना आई दारात म्हणाली, "तुये पत्तेबी ठेवले होते पूजेत. डबी तुया बॅगेत टाकली मी."

थापीच्या शेजारी माझी डबी. गाडीत मी खिडकीकडे तोंड करून बराच वेळ रडलो. समोरच्या काकूंनी मला पाणी दिलं.

हैदराबादला पहिल्या डावाआधी डबी उघडली तर झेंडूची एक पाकळी बाहेर पडली. मी ती खिशात ठेवली. पत्ते पिसताना बोटांना कुठेकुठे खरखरीत लागत होतं. प्रवासाची धूळ असेल म्हणून सोडून दिलं. ताजा असतो तर सोडलं नसतं. पण त्या दिवशी मी जिंकत होतो, एकामागून एक जिंकत होतो, आणि जिंकणाऱ्याला धूळ दिसत नाही. संध्याकाळी एकच डाव उरला. तो जिंकला की मी आठांत.

डाव सुरू होण्याआधी पंच कुठल्याही टेबलावरचे गठ्ठे उचलून तपासायला नेतात. आमचे नेले. समोरच्या मुलाचा परत आला, माझा आला नाही. थोड्या वेळाने मला बाजूच्या टेबलाकडे बोलावलं. तिथे दिव्याखाली चार पत्ते पालथे ठेवले होते. लाल कव्हरावर सहज दिसत नव्हतं, पण पंचांनी पत्ता तिरपा धरला तेव्हा प्रत्येकाच्या पाठीवर वरच्या बाजूला एक पुसट गोल डाग दिसला. कडेला किंचित पिवळा. त्यांनी चारही पत्ते उलटले. चारही लाल राक्षस.

मला सगळं एकदम कळलं. राक्षसाच्या थोबाडावर कुंकू लावायला आईचा हात धजला नसणार, म्हणून तिने पत्ते उलटे केले. ओल्या बोटाने आधी हळद, मग कुंकू. वाळल्यावर पदराने नीट पुसलं आणि परत डबीत घातलं. साठांतले नेमके कामाचे चार.

पंच माझ्याच वयाचे होते. मी त्यांना हिंदीत सगळं सांगितलं. ऐकताना त्यांनी एकदाही मला अडवलं नाही. मग म्हणाले, "मेरी माँ भी मेरे स्कूटर को लगाती है. मैं आपकी बात मानता हूँ." आणि मला स्पर्धेतून बाद केलं. पाठीवरून ओळखू येतील असे पत्ते, तेही नेमके सगळ्यात भारी. दुसरं काही करणं त्यांच्या हातात नव्हतं. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं, आणि तरीही मला त्यांचा इतका राग आला की मी हात न मिळवता निघालो. समोरचा मुलगा न खेळताच आठांत गेला.

घरी आलो तेव्हा आई मशीनवरच होती. "कामी आले का ते चार?" तिने विचारलं.

"आले," मी म्हटलं. "पण शेवटी नाही जमलं."

"थकला दिसतो."

"हो."

"मंग झोप."

त्यानंतर मी खेळलो नाही. जवळच्या कोहमाऱ्याला एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे नोकरी धरली, गाड्यांच्या बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, बनवतो. आईला आता कंपनी खोटी सांगावी लागत नाही. पण पुढच्या दसऱ्याला ती पाटाशी बसून म्हणाली, "तुयी डबी आन."

"मी आता खेळत नाही ना, आई."

"तुया बापाची थापीबी गुडघे गेले तवापासून बंद हाये. ठेवतोच ना आपन."

बाबा खाटेवर बसले होते. ते म्हणाले, "आन बे, पूजेची येल जाऊन राहिली."

मी पेटीतून डबी काढून दिली. आईने साठांतले चार बरोबर शोधले, उलटे केले, बोट बुडवलं. हळद, मग कुंकू. वाळल्यावर पुसायला तिने पदर पुढे केला.

"राहू दे," मी म्हटलं. "पुसू नको."

"काऊन? डाग पडन ना."

"पडू दे."