हबशी वजिराचे पाच मार्क

खडकीच्या एका शाळेत मी वीस वर्षं इतिहास शिकवते आहे. दोन वर्षांपूर्वी सातवीच्या एका ऑफ तासाला मी आफ्रिकेतल्या गुलामांचा इतिहास शिकवायला घेतला. पुस्तकात तो नव्हता, पण मला गरज वाटली.

त्या वर्गात एक मुलगी होती. तिचे वडील आफ्रिकेतून पुण्यात शिकायला आले आणि इथलेच झाले, आई धायरीची. पोरीचं मराठी माझ्याहून खणखणीत. मी जहाजं, साखळदंड, चाबूक सगळं अगदी रंगवून सांगितलं आणि बघते तर काय, अख्खा वर्ग माना वळवून तिच्याकडे बघतोय. ती बाकावर नजर खिळवून बसली होती.

तास संपल्यावर ती टेबलाशी आली. "मॅडम, आमच्या लोकांनी नुसता मारच खाल्ला का हो?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी बौद्ध घरातली, दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टरमध्ये वाढलेली. आमचे गुरुजी अस्पृश्यतेचा धडा कळवळून शिकवायचे, तेव्हा अशाच माना माझ्याकडे वळायच्या. कळवळा खरा होता, पण मला तो नको होता. माझ्या आजोबांच्या पलटणीबद्दल ते एक वाक्य बोलले असते, तरी मी ताठ बसले असते. हे सगळं ठाऊक असून मी तेच करून बसले होते.

रविवारी शनिवार पेठेतल्या ग्रंथालयात ठाण मांडलं. पुढच्या तासाला एकाच माणसाबद्दल बोलले: आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकला गेलेला, या हातातून त्या हातात जात दख्खनला पोचलेला आणि निजामशाहीचा वजीर झालेला हबशी. डोंगरांच्या आडोशाने त्याने मोगल फौजेला कसं जेरीस आणलं, जमिनीखालच्या नळांतून स्वतः वसवलेल्या शहराला पाणी कसं पुरवलं, ते सांगितलं. मुलं कान टवकारून ऐकत होती.

"मॅडम, हे परीक्षेला आहे का?" तिनेच विचारलं.

हा प्रश्न आमच्याकडे रोजचा. नाही म्हटलं की वह्या मिटतात; जे पेपरात नाही ते घडलंच नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हणाले, "आहे."

मग मुख्याध्यापिकाबाईंकडे जावं लागलं. त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "आपला पोर्शन संपला वाटतं?"

"नाही. पण हा प्रश्न घालायचाय."

"घाला. पालक आले, तर उत्तर आपणच द्यायचं, मी नाही."

पालक काही आले नाहीत. पेपर वाटले त्या दिवशी तीच तरातरा आली. "पाचपैकी साडेचारच? नळांचा मुद्दा लिहिलाय मी!"

"अर्धाच लिहिलायस. पाणी आलं कुठून?"

"हा अन्याय आहे, मॅडम!"

तिच्या मागे आणखी तिघं त्याच प्रश्नाच्या अर्ध्या मार्कासाठी भांडायला उभे होते. मी कुणालाच दिला नाही. इतका आनंद मला कुठल्याच पेपराने दिला नव्हता.