गावाचे उप

आप्पांना कुणी चुकून 'सरपंच' म्हटलं, की ते चालता चालता थांबायचे. "उप म्हना, उप," असं सांगून समोरच्याकडून तेवढं वदवून घ्यायचे आणि मगच पुढचं बोलणं. शिरूर कासार तालुक्यातल्या त्या गावात हे जरा विचित्रच होतं. पद जाऊन दहा वर्षं झालेल्या माणसाला तिथे 'माजी' हा शब्द ऐकू येत नसे. अजून काहीच न झालेले लोक स्वतःच्या फोटोखाली 'भावी' लिहून फ्लेक्स लावायचे. सोसायटीच्या व्हाईस चेअरमननं मोटारसायकलवर नुसतंच 'चेअरमन' रंगवून घेतलं होतं. आपल्या पदाआधीचा 'उप' जपणारा हा एकच माणूस मला नोकरीत भेटला.

मी तिथे ग्रामसेवक होतो. तीन गावांचा कारभार एकट्याकडे, एसटीचा भरवसा नाही, आणि प्रत्येक गावात आल्या आल्या लोक पाण्याचं विचारणार. अंगातलं बळ कार्यालयाचं कुलूप उघडेपर्यंतच संपलेलं असायचं. आप्पा मात्र आधीच पायरीवर बसलेले. मळकट पायजमा, खांद्यावर पंचा, हातात अर्जांची गुंडाळी. टँकर आला की उन्हात उभं राहून नळी धरायचे, शाळेचा पत्रा उडाला की सुतार शोधायला जायचे. सही मात्र सरपंचांची. चार सरपंच त्यांच्यासमोर आले आणि गेले. कधी जागा राखीव निघाली, कधी खुली निघाली तर चुलतभाऊ उभा राहिला. बैठकीला सरपंच आले नाहीत तरी आप्पा त्या खुर्चीवर कधी बसले नाहीत. आपल्या स्टुलावरूनच कामकाज चालवायचे.

त्यांना पदाचा मोह नव्हता, असं मात्र मी म्हणणार नाही. एकदा टँकरची वाट पाहताना त्यांनी आपणहून सांगितलं, "एकदा तरी व्हावं वाटतं, भाऊसाहेब. खोटं कावून बोलू? आमची मंडळी जिती व्हती तवा म्हनायची, सरपंचाच्या बायकूला सरपंचीनबाई म्हंत्यात, मला काय म्हनायचं?" मग पंच्यानं मान पुसत ते टँकर दिसतो का बघायला रस्त्यावर गेले.

पाचव्या खेपेला जागा अनुसूचित जातीच्या महिलेसाठी राखीव निघाली आणि कौशल्याबाई सरपंच झाल्या. त्या बौद्ध वस्तीत राहायच्या. वर्षातले सहा महिने नवऱ्याबरोबर ऊस तोडायला जायच्या. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. त्या मला म्हणाल्या होत्या, "मुकादम आमाला नावानं न्हाई बोलवत, भाऊसाहेब. कोयता म्हनतो." पहिल्या बैठकीत दादाराव नावाचे सदस्य, गावातले मोठे बागायतदार, बसल्या बसल्या म्हणाले, "कौशे, चहाचं बघ." बाई खरंच उठल्या. तेवढ्यात आप्पा मोठ्यानं म्हणाले, "सरपंच, बसा. बैठक चालू करायची का?" बाई बसल्या. चहा त्या दिवशी आलाच नाही. मी खाली मान घालून उपस्थिती लिहीत होतो.

यावरून आप्पा मोठे बंडखोर वाटतील, पण तसं नव्हतं. त्या उन्हाळ्यात टँकर गावच्या टाकीत यायच्या आधी अर्धा दादारावांच्या विहिरीत रिकामा व्हायचा. सगळ्यांना माहीत होतं. मलाही. बाईंनी एक दिवस वाटेत उभं राहून टँकर अडवला आणि आधी टाकीवर नेला. वस्तीत त्या दिवशी पहिल्यांदा दोन दोन घागरी जास्त मिळाल्या. आप्पाच घाबरून त्यांना म्हणाले, "सरपंच, जरा दमानं घ्या." बाई म्हणाल्या, "दमानंच घेत आले की, आप्पा. लई दम झाला."

आठवडाभरात अविश्वासाचा ठराव आला. सदस्य नऊ, आणि सरपंच महिला असल्यानं ठराव व्हायला तीन चतुर्थांश, म्हणजे सात हात लागत होते. दादारावांकडे सहा होते. सातवा आप्पांचा. बाई गेल्या असत्या, तर सदस्यांत त्या प्रवर्गातली दुसरी महिला नव्हती, म्हणजे उरलेला सगळा काळ सरपंचाचा कारभार आप्पांकडे आला असता. दादाराव त्यांच्या घरी जाऊन हे बोटांवर मोजून सांगून आले. आप्पा हो म्हणाले, असं गावात पसरलं. मला ते खोटं वाटलं नाही.

तहसीलदार आले. कार्यालयात पंखा बंद, दारात माणसांची गर्दी. ठरावाच्या बाजूचे हात वर करा म्हटल्यावर सहा हात वर गेले. सगळे आप्पांकडे बघायला लागले. त्यांचा उजवा हात गुडघ्यावर होता आणि त्यावर डावा हात दाबून धरलेला.

"उपसरपंच, तुमचं काय?" तहसीलदारांनी विचारलं.

"न्हाई," आप्पा म्हणाले. "माझा न्हाई."

ठराव पडला. गर्दी पांगल्यावर मी त्यांना पाणी दिलं. मी न विचारताच ते बोलायला लागले, "हात वर करायचा म्हनूनच आलतो मी. खरं सांगतो. पर त्या बाईनं माझ्याकडं बघितलंच न्हाई. बघितलं असतं, इनवनी केली असती, तर केला असता वर. ती आपली तहसीलदाराकडं बघत ताठ बसली. मला वाटलं, सरपंच आसं बसतंय. मला न्हाई आलं असतं बसता."

भावकीनं त्यांच्याशी बोलणं सोडलं. पुढच्या निवडणुकीत ते साधे सदस्यही झाले नाहीत. दादारावांचा पुतण्या उपसरपंच झाला. कौशल्याबाई पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत, त्यांची जागाच राखीव राहिली नव्हती. त्या परत ऊसतोडीला जायला लागल्या आणि माझी माजलगावकडे बदली झाली. निघताना आप्पा फाट्यापर्यंत आले. माझी पिशवी गाडीत ठेवून म्हणाले, "येत जा." मी गेलो नाही. कामं होती, आणि खरं म्हणजे त्या गावाचाच थकवा आला होता.

गेल्या हिवाळ्यात फोन आला तेव्हा आप्पांना जाऊन आठ दिवस झाले होते. माझ्याच हद्दीत, धरणाच्या कालव्याखाली, कौशल्याबाईंची टोळी उतरली होती. सांगायला मी फडात गेलो. दुपार होती, ट्रक भरत होता. बाई डोक्यावर मोळी घेऊन फळीवर चढत होत्या. मी सांगितलं. त्यांनी आधी मोळी वर टाकली, खाली आल्या आणि बांधावर बसल्या.

"खांद्याला कोन व्हतं?"

"माहीत नाही," मी म्हणालो. "मीही गेलो नव्हतो. परवा दहावा आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावल्या नाहीत. हातमोजे काढले आणि नवऱ्याला हाक मारली, "सामान बांधा. उद्या गावाला जायचंय. दहाव्याला."

ट्रकजवळून मुकादम ओरडला, "भरती सोडून? कोन म्हनतंय?"

"मी म्हनते," बाई बसल्या जागेवरूनच म्हणाल्या. आवाज चढवला नाही. मुकादम दोन पावलं पुढे आला, त्यांच्याकडे बघत उभा राहिला आणि मग ट्रकच्या दोऱ्या आवळायला वळला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बीड गाडीत आम्ही तिघं होतो. बाईंनी खिडकीची जागा घेतली आणि पिशवी मांडीवर ठेवून माझ्यासाठी शेजारी जागा केली.