कुलपातलं इंजेक्शन

माझी सून सरकारी इस्पितळात वॉर्डाची सिस्टर आहे. अँटिबायोटिकची जालीम इंजेक्शनं उठसूट टोचली की जंतू निर्ढावतात, मग खऱ्या गरजेला तीच लागू पडत नाहीत. म्हणून ही इंजेक्शनं कुलपात ठेवायचा हुकूम वरून आला. डॉक्टरांनी फॉर्मवर कारण लिहायचं, मगच कपाट उघडायचं. किल्ली सुनेच्या कमरेला. हुकूम काढणारे वरच राहिले, शिव्या खायला खाली सून.

गेल्या महिन्यात मला ताप भरला आणि मी तिच्याच वॉर्डात जाऊन पडले. मोठे डॉक्टर जातीने बघायला आले. माझा मान राखायचा म्हणून त्यांनी कपाटातलं सगळ्यात भारी इंजेक्शन लिहिलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'सिस्टरच्या सासूबाई'.

सुनेने फॉर्म पुढे धरला. "सर, हा आजार नाही."

"अहो, तुमच्यासाठीच लिहिलंय!"

"तेच म्हणते. छाती साफ आहे, धाप नाही. रक्ताचा रिपोर्ट परवा येतोय, तोवर थांबू या."

"थांबा! तुमची सासू, तुमची जबाबदारी," म्हणत डॉक्टर फणकाऱ्याने गेले.

शेजारच्या खाटेवरच्या बाईची माणसं कान टवकारून होती. त्यांचाही दोन दिवस त्याच इंजेक्शनचा हट्ट चालला होता. माझ्यासाठी कुलूप निघालं असतं, तर अख्ख्या वॉर्डाने सुनेला धारेवर धरलं असतं, आमची आई काय रस्त्यावरची? हे मला कळत होतं. पण हाडं ठणकत असताना कळून काय उपयोग!

मुलगा आला तो तावातावाने. "किल्ली तुझ्याकडे, आणि माझ्या आईला इंजेक्शन नाही?"

"आवाज खाली. आईंना पाणी पाज आधी."

खोटं कशाला बोलू, मलाही वाटलं, बाईने उट्टं काढलं. चौदा वर्षांत मी तिला कमी का बोलले आहे! पण ती तासातासाला येऊन माझ्या कपाळावर हात ठेवायची. मी डोळे मिटले की जरा जास्तच वेळ ठेवायची. तो हात गार पडलेला असायचा.

तिसऱ्या दिवशी ताप आपसूक उतरला. रिपोर्टमध्येही काही निघालं नाही.

शेजारी कुजबुज झाली, "स्वतःच्या सासूला दिलं नाही, कसली दगडाची बाई! आपल्याला काय देणार?" आणि ती माणसं मुकाट्याने आपल्या रिपोर्टची वाट बघत बसली. वरच्या हुकमाला सहा महिन्यांत जमलं नाही, ते सुनेच्या बदनामीने करून दाखवलं.

ती दगडाची नाही हो, असं सांगायला मी तोंड उघडलं, तर तिने त्यात थर्मामीटरच ठेवला. "आई, दोन मिनिटं बोलायचं नाही."