साच्याची एक फाक

बुधरीच्या दारी माणूस यायचा तो शिशासाठीच. खोब्रागडी नदीच्या अल्याड, वडशाहून बैलगाडीनं दिवसभराच्या वाटेवर तिचं गाव. गावात पिकाच्या राखणीसाठी लायसनच्या दोन-तीन भरमार बंदुका. नळीच्या तोंडातून दारू ठासायची अन् वरून शिशाची गोळी गजानं दाबायची. बंदुका साऱ्या एकाच मिस्त्रीच्या हातच्या, म्हणून गोळीचं मापही एकच. अन् त्या मापाचा साचा गावात एकाच घरी होता, बुधरीच्या नवऱ्याचा, लच्छूचा. मऊ दगडाच्या दोन फाकी. दोन्हींत अर्ध्या बोराएवढी खळगी. फाकी एकमेकींवर बसवल्या का आत पुरं बोर.

लच्छू होता तवा हे काम दोघांचं. तो फाकी दाबून धरे, ती पळीनं शिसं ओते. पंचावन साली तो तापानं गेला. लेकरूबाळ नव्हतं. मग बुधरी साच्याले फडकं गुंडाळून तो पायाच्या दोन्ही तळव्यांत दाबून बसे अन् एकटीच ओते. पायाले चटके बसत. त्याची तिनं कुठं वाच्यता केली नाई, करायची तं कोणाजवळ करणार?

गावाची एक रीत होती. गोळीनं रानडुक्कर पडलं का त्याच्या आंगातून चपटी झालेली गोळी शोधून काढायची अन् ओतणाऱ्याच्या घरी परत न्यायची, सोबत मांडीचा वाटा. शिसं ज्या घरचं त्या घरी. वाटा एका जेवणात संपे. पण आणणारा माणूस घटकाभर ओट्यावर बसे, डुक्कर कोणाच्या धानाच्या बांधीतून निघालं, कोण भेवून झाडावर चढलं, ते रंगवून सांगे. बुधरी ते पुढं कितीतरी दिवस चघळे.

त्या वर्षी धान निसवला अन् गावातला मुखरू सकाळीच दारात उभा. हातात ढिवराकडून आणलेले जुन्या जाळ्याचे शिशाचे मणी.

"काय गा मुखरू, लय दिवसांनी आठोन केली."

"मी कायची करतो बाई, डुकरायनं करून देल्ली. माह्या बांधीत लग्न लावून राह्यले ते."

"वऱ्हाडी किती होते?"

"मोजाले थांबलो असतो तं मलेच बोहल्यावर उभं केलं असतं."

बुधरी हसली. बोलणं सुरू झालं अन् थांबेना. कढईत शिसं पातळ झालं, तिनं त्यात मेणाचा खडा टाकला, वरची मळी पळीनं काढली. तोंड चालूच. लच्छू एकदा बंदुकीत गोळी आधी अन् दारू मागून भरून कसा दिवसभर डोकं धरून बसला होता, ते ती सांगू लागली. सांगता सांगता मुखरूचे मणी तसेच मूठभर कढईत टाकले.

मण्यांच्या भोकात नदीचा ओला चिखल होता. एरवी ती मणी फोडून, उन्हात वाळवूनच टाके. कढई फटकन थुंकली अन् शिसं तिच्या उजव्या हातावर उडालं.

मुखरूनं घागर उचलली. "कढईत नको पडू देऊ पाणी," ती दात खाऊन म्हणाली, "हातावर ओत."

कोरफडीचा गर बांधला. हात गेला कामातून, पण डुकरं काई थांबणार नव्हती. मग पळी मुखरूनं घेतली अन् बुधरी साचा पायात धरून सांगत बसली.

"हे पाह्य, पहिली गोळी. कशी सुरकुतली."

"म्हातारीच्या तोंडासारखी."

"माह्या तोंडाकडं पाहू नको, साच्याकडं पाह्य. थंडा हाय तो. दिव्याची काजळी धर आतून, गरम होऊ दे. सुरकुतलेली परत कढईत टाक."

गोळीले राह्यलेला शिशाचा देठ कसा कापायचा, परातीत गोळी फिरवून वाकडी-सरळ कशी ओळखायची, सारं सांगितलं. उतरत्या उन्हापर्यंत गोळ्या झाल्या. मुखरू उठला अन् मान खाजवत म्हणाला, "बाई, साचाच देऊन टाक ना. तुह्या हातानं आता होत नाई. माही बायको धरन, मी ओतीन."

बोलणं खरं होतं, तीच पंचाईत. साचा गेला का शिसं मुखरूच्या घरी, वाटा त्याच्या घरी, अन् सांगणारा माणूसही त्याच्याच ओट्यावर. बुधरीनं एक फाक उचलली अन् पुढं केली.

"एकीनं काय होते वो?"

"काईच होत नाई. म्हणून तं देतो. ओताची असली का घेऊन येजो."

मुखरू खदखदून हसला. "लय पोचेली बाई हायेस." फाक शेल्यात बांधून गेला.

अन् जमलं ते. तो हिवाळा अन् पुढचं सारं वर्ष मुखरू फाक घेऊन येई, ओतून जाई. चपटी गोळी अन् वाटाही येई. बुधरीची बोटं आखडली ती आखडलीच, पण तोंड चाले.

दुसऱ्या वर्षी दिवाळी सरल्यावर मुखरू धान विकून वडशाहून परतत होता. बोडीच्या, गावाच्या लहान्या तळ्याच्या, पाळीवर त्याची गाडी दिसली तशी बुधरीनं पेजेत मूठभर तांदूळ जास्तीचे टाकले. गाडी दारात थांबली. त्यानं फाक काढून ओट्यावर ठेवली, पुसून, फडक्यात बांधून.

"ठेव बाई. वडशाच्या लोहारानं लोखंडी साचा करून देल्ला. सांडशीसारखा दांडा हाय त्याले. एकट्या माणसाले धरता येते अन् ओतताही येते."

बुधरीनं फाक हातात घेतली. "बस. पेज होऊन राह्यली."

"नाई बाई, बैलं तहानली हायेत."

"लोखंडालेही आधी तापवा लागते."

"काजळी धरतो, पहिल्या गोळ्या परत टाकतो. माईत हाय."

"अन् जाळ्याचे मणी..."

"फोडून, वाळवून. तूच तं शिकवलं सारं."

ती आणखी काई आठवून पाहू लागली. सांगायचं काई उरलंच नव्हतं. मुखरूनं कासरा ओढला अन् गाडी वळली.

पेज झाली. दोघांची होती. उरलेली दारावरच्या कुत्र्याले घालावी म्हणून तिनं हाक मारली, तं ते मुखरूच्या गाडीमागं गेलं होतं. वाया कायले घालवायची म्हणून मग तिनंच सारी पिऊन घेतली.