आबांचा डबा आणि अक्काच्या तीन म्हशी

तीन म्हशींचं ते प्रकरण कागदावर कधीच मिटलं, माझ्या डोक्यातून मात्र अजून गेलेलं नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण इतका वैताग दुसऱ्या कुठल्या गुन्ह्याने आणला नाही. नावं सांगत नाही, कारण त्यात वाईट माणूस एकही नव्हता.

ऐंशीच्या दशकाची अखेर होती. मी भडगावकडच्या एका ठाण्यात फौजदार होतो. सकाळची हजेरी चालू असताना गिरणाकाठच्या एका गावचे पोलीस पाटील घाईघाईने आत आले. त्यांच्या गावात एक विधवा बाई होती, सगळे तिला अक्का म्हणत. तिच्या चारपैकी तीन म्हशी सकाळची सरकीची ढेप खाल्ल्यावर तासाभरात मेल्या होत्या. चौथी आजारी होती, तिने ढेपेला तोंड लावलं नाही म्हणून वाचली. अक्काचं घर दुधावरच चालत होतं.

पाटील आवाज खाली करून म्हणाले, "साहेब, काल दुपारी अक्का शेतात होती. तेव्हा तिचा जेठ गोठ्यातून निघताना दोघांनी पाहिलाय."

जेठ म्हणजे तिच्या नवऱ्याचा थोरला भाऊ. गाव त्याला आबा म्हणे. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून सहा वर्षं दोघांत बोलणं नव्हतं. पाटलांनी मला आरोपी आणि कारण दोन्ही एका दमात दिलं, आणि मी ते घेतलं.

गावात पोचलो तेव्हा अक्का मेलेल्या म्हशीच्या मानेवर हात ठेवून बसली होती. मला पाहताच उठली. "त्यानीच इख घाली दिन्हं, साहेब. माले माहीत शे." विष त्यानेच घातलं, हे तिच्यापुरतं ठरलं होतं.

पंच बोलावले, पंचनामा केला, उरलेली ढेप सील केली. आबांच्या घराची झडती घेतली. फडताळात पत्र्याचा डबा सापडला. कागद अर्धा फाटलेला, पण कवटीचं चित्र शाबूत. केळीच्या बुंध्यात टाकायचं दाणेदार विषारी औषध त्यात येतं. झाकण काढलं तर आत राखाडी पांढरी पावडर. आमच्या हवालदाराने त्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावायला निघाला! मी त्याच्या हातावर फटका मारला. वीस वर्षं नोकरी झालेला माणूस. "बघतो म्हटलं काय आहे ते," म्हणाला. त्याला तिथंच साबणाने तीनदा हात धुवायला लावले.

आबांना ठाण्यात आणलं. साठीचा, सुतळीसारखा वाळलेला माणूस. बाकावर बसला आणि जमिनीकडे पाहत राहिला.

"काल गोठ्यात गेला होतात?"

"गयथू."

"ढेपेत काही घातलंत?"

"घालं."

"म्हशी तुम्हीच मारल्या?"

त्याने उजवा पंजा उघडून पाहिला. मग म्हणाला, "हात मनाच व्हता, साहेब."

हात माझाच होता, यापुढे एक शब्द नाही. पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही हे मला ठाऊक होतं, तरी मी खूश झालो. दुपारच्या आत गुन्हा उघडकीस, असं वरिष्ठांना फोनवर सांगूनही टाकलं.

दुपारी गुरांचे डॉक्टर शवविच्छेदन आटोपून आले. म्हशींच्या तोंडाला फेस होता, डोळ्यांच्या बाहुल्या आकसल्या होत्या. विषबाधा नक्की, म्हणाले. मग डबा उघडून दुरूनच वास घेतला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "फौजदारसाहेब, वास विषाचा आहे, पण पावडर विषाची नाही. हे जनावरांना द्यायचं खनिज मिश्रण आहे. दूध वाढावं, हाडं भरावीत म्हणून देतात. याने गाय-म्हैस मरत नाही."

मला कळेना. मारायचं होतं तर विषात टॉनिक कोण मिसळतो?

तसाच गावच्या दूध सोसायटीत गेलो. खनिज मिश्रणाचं पोतं ओल्या फरशीवर, भिंतीला टेकून, तोंड उघडं. सेक्रेटरी वर्तमानपत्राच्या कागदात मुठीने पुड्या बांधून देत होता. आबांनी पावडर नेली का, असं विचारलं.

"नेली ना. पंधरा-वीस दिवसांपूर्वी दोन किलो. मी म्हटलंसुद्धा, आबा, तुमच्याकडे म्हैस कुठंय? ते पुडी घेऊन चालू लागले."

ठाण्यात परत आलो. आबांसमोर खुर्ची ओढून बसलो. "आबा, तुमच्याकडे म्हैस नाही. पावडर कोणासाठी नेली?"

तेव्हा त्यांचे डोळे भरले. अक्काची दुभती म्हैस भिंत चाटायची, हाडं चघळायची. हे त्यांना रस्त्यावरून दिसे. "माले देखवे नही," म्हणाले. उघड दिली असती तर तिने उकिरड्यावर फेकली असती. म्हणून ती शेतात गेली की भिजत घातलेल्या ढेपेत मूठभर पावडर टाकून यायचे. पंधरा दिवस सगळं ठीक. मग कागदाला ओल लागली, पावडरीचे खडे झाले, पुडी फुटली. घट्ट झाकणाचा डबा हवा म्हणून त्यांनी औषधाचा डबा फडक्याने पुसला आणि त्यात भरली. त्या डब्यातली पहिली मूठ आदल्या दुपारी ढेपेत पडली होती.

"डब्याचा वास आला नाही?" मी जवळजवळ ओरडलोच.

"आमना घरमा बठ्ठाले तोच वास येस, साहेब."

घरात सगळ्यालाच तो वास, त्यामुळे डब्याच्या तळाशी चिकटून राहिलेलं औषध त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. पावडरच विषारी निघाली, आपणच खुनी, असं समजून तो माणूस सकाळपासून गप्प बसला होता.

अक्काला बोलावून सगळं सांगितलं. तिने ऐकलं आणि पदर तोंडावर घेतला. सहा वर्षांत पहिल्यांदा त्याच्याशी बोलली. "आबा, माले सांगं व्हतं. मी मडकं धोईसन देती." सांगितलं असतं तर पावडर ठेवायला मडकं तिनेच धुऊन दिलं असतं. आबा हात जोडून उभे होते. तिने ते हात धरून खाली केले.

प्रयोगशाळेचा अहवाल यायला कित्येक महिने लागले. डॉक्टरांचंच म्हणणं त्यात होतं. मी गैरसमजुतीने दाखल झालेला गुन्हा म्हणून ‘क’ समरी, म्हणजे प्रकरण बंद करण्याचा अहवाल, पाठवली, कोर्टाने मंजूर केली. आबांनी बैलजोडी विकून दोन म्हशी अक्काच्या गोठ्यात बांधल्या. तिने नको म्हटलं. ते ऐकले नाहीत.

मी सोसायटीसमोर लोक जमवून सांगितलं: पोतं फळीवर ठेवा, तोंड बांधा, कोरडं ठेवा, पुडीवर नाव लिहा, आणि औषधाचा डबा रिकामा झाला की ठोकून चेपून खड्ड्यात पुरा. लोक हसले. "साहेब, एवढं तर पोरालाही कळतं." कळतं, हो! पुढच्याच महिन्यात आमच्या ठाण्यातल्या चहाच्या साखरेच्या बरणीशेजारी तशाच बरणीत ढेकणांची पावडर सापडली. ठेवणारा तोच हवालदार. त्या दिवशी मी त्याला जे बोललो ते इथे छापण्यासारखं नाही.

पण खरा राग मला माझाच येतो. त्या सकाळी मी आबांना काय केलंत ते विचारलं, कोणी मारलं ते विचारलं. गोठ्यात कशासाठी गेला होतात, हा साधा प्रश्न दुपारनंतर सुचला. तोवर एक भला माणूस माझ्यासमोर बसून स्वतःला गुन्हेगार ठरवत होता, आणि मी ते खाली मान घालून लिहून घेत होतो.